‘निबंध लिहा आणि सुटा’ असा कायदा नाही

मे 2024 मध्ये पुण्यात सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीने दोघांचा जीव घेतला; त्या अपघातानंतर एक दावा पसरला आणि तो अजूनही पुढे ढकलला जातो: अठरा वर्षांखालच्या मुलाने कुणाचा जीव घेतला तरी शिक्षा एकच, तीनशे शब्दांचा निबंध.

हे चूक आहे. निबंध ही शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती. ती अनेकांना संतापजनक वाटली, आणि तो संताप मला समजतो. पण निकाल आणि जामीन यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार दोष सिद्ध झाल्यास बाल न्याय मंडळ, म्हणजे अशा मुलांची प्रकरणे ऐकणारे मंडळ, मुलाला तीन वर्षांपर्यंत विशेष गृहात, म्हणजे सुधारगृहात, ठेवू शकते. किमान सात वर्षांची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात, मूल सोळा पूर्ण केलेले असेल, तर त्याची समज आणि क्षमता तपासणाऱ्या प्राथमिक मूल्यांकनानंतर प्रौढांप्रमाणे खटलाही चालू शकतो.

समुपदेशन, समाजसेवा आणि परिविक्षा म्हणजे देखरेखीखाली घरी राहणे, हे पर्यायही त्याच कायद्यात आहेत. ती मोकळीक नव्हे. परिविक्षा अधिकारी घरी, शाळेत, शेजारी चौकशी करतो: शाळा का सुटली, घरात मारहाण आहे का, संगत कुणाची. या चौकशीचा अहवाल मंडळाला पंधरा दिवसांत द्यायचा असतो. अधिकाऱ्याकडे ढीगभर प्रकरणे असली की तो चार ओळींत उरकला जातो, आणि मग मंडळ कशाच्या आधारे ठरवणार? म्हणूनच बालहक्क कार्यकर्ते वस्तीतल्या समुपदेशकांसाठी आणि पुरेशा अधिकाऱ्यांसाठी पैसा मागतात. गुन्हा माफ करा, अशी ती मागणी नाही.