एव्हलवाला फॉरवर्ड आणि 14 रुपयांची हळद

परवा भाच्याचा मेसेज आला, 'मामा बघ, तू उगाच लूप (एकेक तुकडा वाचत जाणारा कोड) लिहीत बसतोस.' खाली तोच फॉरवर्ड, सांगलीतल्या निम्म्या ग्रुपवर फिरलेला : पीएचपीत (वेबसाइटच्या प्रोग्रामिंग भाषेत) 'माल:हळद,दर:...' अशा स्ट्रिंगचा, म्हणजे मजकुराच्या ओळीचा, असोसिएटिव्ह अ‍ॅरे (नाव आणि त्याचा मजकूर अशा जोड्यांची यादी) करायला कोलनच्या जागी बाण टाका, कोट लावा, एव्हल मारा, सगळ्यात फास्ट. इतके दिवस सोडून दिलं होतं, पण हे पोरगं मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाच्या बिलिंगमध्ये तेच घालायला निघालंय म्हटल्यावर गप्प बसवेना.

अरे, एव्हल म्हणजे आलेली स्ट्रिंग कोड म्हणून चालवायची! शेऱ्याचा रकाना दुकानात कुणीही भरतं. दिवाणजीच्या हातनं चुकून एक कोट पडला तर पार्स एरर येऊन बिल अडकेल, हे नशीब चांगलं असलं तर. मुद्दाम करणारा कोट बंद करून पुढं फाईल उडवायची ओळ लिहील आणि सर्व्हर ती निमूट चालवेल. पीएचपीच्या मॅन्युअलात एव्हलच्या पानावरच इशारा दिलाय की हे फार धोकादायक आहे, वापरू नका, आणि दुसरा इलाजच नसेल तर युजरचा डेटा नीट तपासल्याशिवाय आत घालू नका. आणि फास्ट कसलं डोंबलाचं, दर वेळी कोड नव्यानं कंपाइल होतो, ऑपकॅश (कंपाइल झालेला कोड जपून ठेवणारी पीएचपीची सोय) त्याला हातही लावत नाही.

फॉरवर्डमधला दुसरा मुद्दा, 'नाहीतर कॉमा आणि कोलनवर दोनदा एक्सप्लोड करा (ओळ तोडा), झालं.' हे अर्धं खरं आहे, मान्य. स्ट्रिंग आपणच बनवली असेल तर मीही तेच करतो. पण ही बघा दुकानातली ओळ :

माल:हळद,दर:14,250,शेरा:सौदा 10:30 ला

कॉमावर तोडली की दर 14, आणि 250 कोलनशिवाय लोंबकळत. क्विंटलला 14 रुपये! शेऱ्यात उरतं 'सौदा 10'. कोलनचं दुखणं सोपं आहे, एक्सप्लोडला तिसरा आकडा 2 द्या, पहिल्याच कोलनवर तुटेल. कॉमाला मात्र सेपरेटरच बदला, पाईप घ्या, नाहीतर सरळ जेसन (JSON, डेटा पाठवायचा ठरलेला साचा) पाठवा.

तिसरं, पीएचपीचं पार्स_स्ट्र फंक्शन 'सगळ्याला चालतं' म्हणे. यूआरएलच्या क्वेरीला (वेब पत्त्यातल्या ? नंतरच्या भागाला) चालतं. कीमधला (जोडीतल्या नावातला) टिंब आणि स्पेस अंडरस्कोअर होतो, 'गाडी नं' शोधत बसाल, आणि +91 मधला प्लस गायब.

एकच की दोनदा आली तर काय, हे त्या फॉरवर्डमध्ये कुठंच नाही. पोती:40 आणि पुढं पोती:25, साध्या लूपमध्ये शेवटचं टिकतं, 65 ची 25 झाली. भाच्याला म्हटलंय, आधी ही हळदीची ओळ चालवून दाखव, मग दुकानात जा.