चाकाचे बेअरिंग आणि किलोमीटरचा हिशेब: एक प्रतिवाद

लहान विमानांची आवड असणाऱ्या मराठी मंडळींत सध्या एक मजकूर पुढे पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय असा: सेस्ना १७२ सारख्या विमानाच्या चाकातले बेअरिंग हे मोटारीतलेच बेअरिंग असते, विमान जमिनीवर फारच थोडे धावते, म्हणून आवाज येईपर्यंत त्याला हात लावण्याचे कारण नाही, हात लावायचाच तर ते पेट्रोलने धुवावे, कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवून वाळवावे, हाताशी असेल ते चांगले ग्रीस हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या पोकळ भागात, ठासून भरावे, चाक आसावर धरून ठेवणारा नट घट्ट आवळावा आणि हे काम कोणीही करावे. यातले पहिले विधान बव्हंशी खरे आहे आणि बाकीची विधाने त्याच्याच आधाराने पटून जातात.

तेव्हा खऱ्या भागापासूनच सुरुवात करू. हेन्री टिमकेन या अमेरिकी गाडीकारखानदाराला १८९८ मध्ये ज्या निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचे पेटंट मिळाले, त्याच जातीचे बेअरिंग आजही मोटारीत आणि लहान विमानाच्या चाकात असते. आतला भाग म्हणजे कोन, त्याच्याभोवती पिंजऱ्यात बसवलेले रोलर आणि चाकात दाबून बसवलेला बाहेरचा कप. प्रत्येक चाकात अशा दोन जोड्या समोरासमोर असतात, त्यामुळे उभा भार आणि आडवा धक्का दोन्ही पेलले जातात. पण भाग सारखा असला म्हणून त्याच्या वाट्याला येणारे आयुष्य सारखे होत नाही. सेस्नाचे मुख्य चाक जेमतेम साडेसतरा इंच व्यासाचे असते; ५० नॉट (ताशी सुमारे ९३ किलोमीटर) वेगाने विमान टेकले, तर स्थिर असलेले ते चाक क्षणार्धात मिनिटाला हजाराहून अधिक फेऱ्यांच्या वेगाने फिरू लागते. मोटारीच्या चाकाला असे शून्यातून एकदम धावावे लागत नाही.

किलोमीटरचा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. विमान वर्षाकाठी जमिनीवर खरोखरच थोडे धावते, त्यामुळे रोलर झिजून बेअरिंग संपण्याची वेळ क्वचितच येते. मात्र बेअरिंग धावून जितके बिघडते त्याहून अधिक ते उभे राहून बिघडते, आणि लहान विमान आयुष्याचा बहुतेक काळ उभेच असते. विमानाचा भार खालच्या बाजूच्या त्याच त्या रोलरवर आठवडेच्या आठवडे राहतो, रोलर आणि कप जिथे टेकतात त्या रेघेवरचे ग्रीस दाबाने बाजूला सरते, आणि पावसाचे किंवा विमान धुतानाचे पाणी सीलच्या फटीतून शिरले की नेमके त्या अरुंद जागेत धरून राहते. रोज धावणाऱ्या मोटारीत बेअरिंग तापते, ओल उडून जाते आणि ग्रीस पुन्हा सगळीकडे पसरते. महिनाभर हँगरबाहेर उभ्या असलेल्या विमानात यांपैकी काहीच घडत नाही. असे बेअरिंग उघडले की कपाच्या आतल्या चकचकीत पृष्ठभागावर रोलरच्या अंतराअंतराने ओढलेल्या तपकिरी रेघा दिसतात. तो गंज असतो. त्याचे पुढे खड्डे होतात, आणि खड्ड्याच्या कडेपासून पोलादाचा पापुद्रा सुटू लागतो. (चाकावर उच्च दाबाचा पाण्याचा फवारा मारून विमान चकचकीत करणाऱ्यांना हे दृश्य एकदा मुद्दाम दाखवायला हवे.)

उत्पादकाचे वेळापत्रकही केवळ धावण्यावर बेतलेले नाही. सेस्नाच्या १७२ मालिकेच्या देखभाल पुस्तिकांत उड्डाणाच्या पहिल्या १०० तासांच्या तपासणीला आणि त्यानंतर दर ५०० तासांनी बेअरिंग साफ करून नव्याने ग्रीस भरण्यास सांगितले आहे. पण उड्डाणे आणि उतरणी नेहमीपेक्षा जास्त असतील, टॅक्सीइंग, म्हणजे विमान जमिनीवर स्वतः चालवत नेणे, फार असेल, किंवा विमान धुळीच्या वा समुद्रकाठच्या भागात वापरले जात असेल, तर हेच काम दर १०० तासांनी करायचे असते. जुहूचा विमानतळ समुद्राला लागून आहे, आणि प्रशिक्षणाचे विमान एका तासात कितीतरी वेळा उतरून पुन्हा उडते. आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांची विमाने त्यामुळे सवलतीच्या ५०० तासांत न बसता सहज कडक अटीत बसतात.

‘आवाज येईपर्यंत थांबा’ या सल्ल्याला फार शब्द खर्च करायला नकोत. समोर इंजिन धडधडत असताना, कानांवर हेडसेट असताना चाकातली खरखर वैमानिकाला ऐकू येणार कशी? ती कळते विमान जॅकवर घेऊन चाक हाताने सावकाश फिरवल्यावर, आणि तीही बोटांना कळते.

धुण्याबाबत. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासच्या तापमानालाही पेट घेऊ शकते, त्यामुळे बंद हँगरमध्ये त्याने भाग धुणे हा जिवाशी खेळ आहे. मिनरल टर्पेंटाइनसारखा द्रावक तेच काम करतो. हवेने बेअरिंग गरगर फिरवणे त्याहून वाईट, कारण त्या क्षणी त्यात वंगणाचा थेंबही नसतो. कोरडे पोलाद पोलादावर घासते, आणि वेग वाढला तर पिंजरा तुटून रोलर गोळीसारखे उडू शकतात. पिंजरा बोटांनी धरून, हवा रोलरच्या लांबीच्या दिशेने सोडायची. धुतलेले बेअरिंग उघडे ठेवून जेवायलाही जाऊ नये, कारण घामट बोटांचे ठसेसुद्धा त्यावर गंज धरतात.

धुण्याचा हेतू मात्र त्या मजकुरातून पूर्ण निसटला आहे. जुने ग्रीस काढायचे ते पृष्ठभाग पाहता यावेत म्हणून. भिंगाखाली प्रत्येक रोलर आणि कप पाहायचा: निळसर झाक असेल तर ते बेअरिंग तापले होते, रोलरच्या अंतराने दबलेल्या खुणा असतील तर जोराचा धक्का बसला होता, पापुद्रे किंवा खड्डे असतील तर ते बाद. कप चाकात ढिला होऊन फिरत नाही ना, हेही तेव्हाच कळते. कोन ज्या कपातून निघाला त्याच कपात परत गेला पाहिजे, म्हणून काढतानाच खूण करावी.

ग्रीसची चूक अधिक खोल आहे. ग्रीस म्हणजे तेल आणि ते तेल स्पंजासारखे धरून ठेवणारा घट्टकारक. एरोशेल २२ या ग्रीसमध्ये हा घट्टकारक चिकणमातीच्या जातीचा आहे, तर मोबिल एव्हिएशन ग्रीस एसएचसी १०० मध्ये लिथियम कॉम्प्लेक्सचा. दोन्ही विमानाच्या चाकांसाठीच बनवलेली आणि दोन्ही उत्तम. तरी ती एकमेकांत मिसळली, तर घट्टकारकांची वीण मोडू शकते आणि पाणी सुटलेल्या दह्यासारखे तेल वेगळे होते. ते सुटलेले तेल बाहेर जाते कुठे? शेजारच्याच ब्रेकच्या डिस्कवर आणि पॅडवर. म्हणून ग्रीस बदलायचे असेल तर आधीचे कणभरही उरू देऊ नये, आणि शक्य असेल तर बदलूच नये. मोटारीचे ग्रीस ‘चांगले’ असणे इथे पुरेसे नाही. पुस्तिकेत मान्य केलेले ग्रीस असणे आवश्यक आहे.

ठासून भरण्याचेही तेच. ग्रीस कोनाच्या रुंद बाजूने तळहाताने दाबत राहायचे, ते रोलरांमधून निमुळत्या बाजूने वर येईपर्यंत. कपाला पातळ लेप पुरतो. उरलेली पोकळी भरली तर ग्रीस घुसळून तापते आणि सीलबाहेर येते. सील नमद्याचे असेल तर ते स्वच्छ करून हलक्या तेलात किंचित भिजवून बसवावे.

नटाबाबत सेस्नाची पद्धत साधी आहे: चाक फिरवत नट आवळायचा, बेअरिंगचा किंचित अटकाव हाताला जाणवला की जवळच्या खाचेपर्यंत मागे घ्यायचा आणि नट फिरू न देणारी नवी स्प्लिट पिन घालायची. ‘घट्ट आवळा’ हा सल्ला पाळला तर रोलर भाराखाली घासत राहतात आणि तापतात. अति ढिले ठेवले तर चाक डुगडुगते. आणखी एक गोष्ट त्या मजकुरात मुळीच नाही, ती सर्वांत धोक्याची. अशा विमानाचे चाक दोन अर्ध्या भागांचे, बोल्टांनी जोडलेले असते. बेअरिंग काढण्यासाठी ते दोन भाग सुटे करावे लागत नाहीत, तरीही अ‍ॅक्सलचा (आसाचा) नट ढिला करण्याआधी टायरची हवा पूर्ण सोडावी. बोल्ट आतून तुटलेले असतील, तर हवेचा दाब चाक फोडून अंगावर आणू शकतो.

राहिला ‘कोणीही करावे’ हा मुद्दा. अमेरिकेच्या विमानविषयक नियमांच्या भाग ४३ च्या परिशिष्ट ‘अ’ मध्ये चाकांच्या बेअरिंगची सफाई आणि ग्रीसिंग ही प्रतिबंधक देखभाल म्हणून नोंदलेली आहे, आणि परवानाधारक वैमानिक आपल्या मालकीच्या किंवा आपण चालवत असलेल्या विमानावर ती स्वतः करू शकतो. विमान प्रवासी कंपनीच्या वा भाड्याच्या व्यावसायिक सेवेत नसावे, ही अट आहे. तिकडे स्थायिक असलेल्या मराठी विमानमालकांना ही मुभा आहे, पण ती वैमानिकाला आहे, वाटेल त्याला नव्हे. भारतात हा अमेरिकी नियम लागू नाही; इथल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे (डीजीसीएचे) नियम वेगळे आहेत आणि फ्लाइंग क्लबच्या विमानावरचे असे काम परवानाधारक अभियंताच प्रमाणित करतो. आणि अमेरिकेतही काम झाल्यावर विमानाच्या नोंदवहीत कामाचे वर्णन, तारीख, सही आणि परवाना क्रमांक लिहावा लागतो. त्या वर्णनात वापरलेल्या ग्रीसचे पूर्ण नाव जरूर घालावे, कारण पुढच्या खेपेला चाक उघडणाऱ्याला हबमधल्या ग्रीसकडे नुसते पाहून त्यातला घट्टकारक मातीचा आहे की लिथियमचा हे ओळखता येत नाही.