"स्वतःच्या पायानं गेली होती ना?"

परवा एका मैत्रिणीशी फोनवर बोलताना विषय निघाला. परदेशात घरकामाला गेलेली एक बाई, दोन वर्षं पगाराचा पत्ता नाही, रात्री दाराला बाहेरून कडी. मैत्रीण हळहळली आणि लगेच म्हणाली, "पण स्वतःच्या पायानं गेली होती ना?"

मैत्रीण दुष्ट नाहीये. तिच्या डोक्यात मानवी तस्करीचं जे चित्र आहे ते आपणच तिथे टांगलंय. ३० जुलैला मानवी तस्करीविरोधी जागतिक दिन असतो. त्या दिवशीची पोस्टर आठवून बघा. साखळदंड, मनगटांना दोरखंड, तोंडावर कुणाचा तरी हात, अंधारात भेदरलेले डोळे. असलं बघून बघून माणूस साखळीच शोधायला लागतो, आणि ती दिसली नाही की म्हणतो, गेली असेल आपणहून.

त्यात 'तस्करी' हा शब्द आणखी घोळ घालतो. सोन्याची तस्करी, दारूची तस्करी, म्हणजे काहीतरी चोरून सीमेपलीकडे नेणं. माणसांच्या बाबतीत सीमा ओलांडावीच लागते असं नाही. माणूस शेजारच्या गल्लीतही अडकवता येतो. आपला जुना 'वेठबिगारी' हा शब्द त्या मानानं खूपच प्रामाणिक.

मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात कधीच देऊन झालंय. संयुक्त राष्ट्रांनी २००० साली केलेला पालेर्मो प्रोटोकॉल हा मानवी तस्करीविरोधी करार सांगतो की फसवून, धाक दाखवून किंवा एखाद्याच्या अगतिकतेचा फायदा घेऊन त्याला शोषणासाठी नेलं असेल, तर त्याची संमती होती की नव्हती हा मुद्दाच उरत नाही. आणि ती व्यक्ती १८ वर्षांखालची असेल, तर फसवणूक किंवा जबरदस्ती दाखवण्याचीही गरज नाही. बहुतेक सगळी माणसं स्वतःच्या पायानंच जातात हो! नोकरी मिळतेय म्हणून जातात. सांगणारा अनेकदा ओळखीचाच असतो, कधी नात्यातलाही.

खरी साखळी असते वहीत. तिकिटाचे पैसे एजंटनं भरले, ते लिहिले. व्हिसाचे लिहिले. पोचल्यावर खोलीचं भाडं, अंथरुणाचे, जेवणाचे, आजारी पडून बुडलेल्या दिवसाचा दंड, सगळं त्याच वहीत. लिहिणारा एकच आणि बेरीज करणाराही तोच. दर महिन्याला राबूनही आकडा वाढतच जातो. पासपोर्ट "हरवू नये म्हणून" मालकाच्या कपाटात. पळून जायचं म्हटलं तर कागद नाहीत, पोलिसांत गेलं तर आपल्यालाच आत टाकतील ही भीती, आणि गावी ज्यांनी कर्ज काढून पाठवलं त्यांना काय तोंड दाखवायचं? मग कुलूप लावायचीसुद्धा गरज उरत नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि तिच्या सहकारी संस्थांचा २०२१ सालचा अंदाज आहे की जगात ४ कोटी ९६ लाख माणसं आधुनिक गुलामगिरीत, म्हणजे जबरदस्तीच्या कामात किंवा लग्नात आहेत. त्यातली २ कोटी २० लाख जबरदस्तीच्या लग्नात. आपण 'तस्करी' म्हटलं की थेट वेश्याव्यवसायावर जातो. तिथे ६३ लाख आहेत आणि त्यांचे हाल मी कमी लेखत नाही. पण शेती, बांधकाम, कारखाने, मासेमारी, घरकाम अशा खासगी कामांत जबरदस्तीनं राबणारे १ कोटी ७३ लाख आहेत. त्यांचं पोस्टर मी तरी कधी पाहिलं नाही.

शिकलेली मुलंही सुटलेली नाहीत. ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख लोक डांबलेले असावेत, असं संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं २०२३ मध्ये म्हटलं. कॉम्प्युटरवरची नोकरी, म्हणून गेले होते. म्हणजे गोड बोलून तुम्हाला लुबाडणारा तो मेसेज टाईप करणारा माणूस स्वतःच कोंडलेला असू शकतो. अशांची सुटका झाल्यावरही त्यांना गुन्हेगार म्हणूनच उभं केलं जाण्याची भीती असते.

आता थोडं आपल्या फॉरवर्डबद्दल. "मुलं पळवणारी टोळी आलीय" हे पुढे ढकलण्याला जनजागृती म्हणू नका. असल्या अफवांवरून निरपराध माणसं जमावानं मारलीत, एकापेक्षा जास्त देशांत. २०२० मध्ये अमेरिकेत एक फर्निचर कंपनी कपाटांच्या नावाखाली मुलं विकते अशी आवई उठली, आणि खऱ्या पीडितांसाठी असलेल्या हेल्पलाइनवर त्या आवईच्याच फोनांचा पूर आला.

त्यापेक्षा साध्या गोष्टी विचारायला शिकू. कागद कुणाकडे आहेत? पगार कुणाच्या हातात पडतो? काम सोडायचं म्हटलं तर काय होईल? आणि हे त्या बाईला एकटीला गाठून विचारायचं, तिला कामाला आणणाऱ्या माणसासमोर नाही. फिल्मी सुटकेच्या भानगडीत तर पडूच नका, नंतर मार तिलाच बसतो. जे दिसलं ते नीट टिपून हेल्पलाइनला किंवा तिथल्या अधिकाऱ्यांना सांगा.

हे सगळं मी आत्ता शहाणपणानं लिहितेय. काही वर्षांपूर्वी एका विमानतळावर एका मुलीनं मला फॉर्म भरून द्यायला सांगितलं होतं. पासपोर्ट नंबर विचारला तर तिनं मागे पाहिलं. मागच्या माणसाकडे रबर बँड लावलेला पासपोर्टचा गठ्ठा होता. त्यानं त्यातला एक काढला, नंबर मोठ्यानं वाचला आणि पासपोर्ट परत गठ्ठ्यात सरकवला. तिच्या हातात दिला नाही. मला वाटलं, ग्रुप असेल, हा टूर मॅनेजर असेल. तो तसा असेलही. मी विचारलंच नाही. सहीच्या जागेवर पेन धरून तिनं पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. मला माझ्या विमानाची घाई. मी बोट ठेवून म्हटलं, "इथे कर." तिनं केली.