‘निर्दोष माणसाला वकील कशाला?’ या फॉरवर्डला एका वकिलाचं उत्तर

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. मला तो तीन ग्रुपवर आला, आणि त्यातल्या एकावर तो टाकणारा माझाच अशील. मजकूर थोडक्यात असा: ‘पोलिसांचं बोलावणं आलं तर घाबरू नका. निर्दोष असाल तर वकिलाची गरज नाही. ठाण्यात जा, खरं काय ते सांगा, जबाबावर सही करा आणि घरी या. गप्प बसणं म्हणजे गुन्ह्याची कबुली. अजामीनपात्र कलम लागलं तर जामीन विसरा. तक्रारदाराने तक्रार मागे घेतली की केस संपली. नाहीतर 482 खाली हायकोर्टात जाऊन एफआयआर रद्द करून घ्या.’

घाबरू नका, एवढं मला मान्य. बाकीचं बघू.

अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद 22(1) ने दिलाय. तो दोषी आहे की निर्दोष, हे तिथे विचारलेलं नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम 38 प्रमाणे चौकशी सुरू असतानाही वकिलाला भेटता येतं. पूर्ण वेळ तो शेजारी बसेल असं मात्र नाही. पैसे नसतील तर 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली कोठडीतल्या माणसाला त्याचं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन 15100.

आता ते ‘जबाबावर सही करा’. याच संहितेच्या कलम 180 खाली तपासात पोलीस जो जबाब लिहून घेतात, त्यावर देणाऱ्याची सही घ्यायची नाही असं पुढचंच कलम, म्हणजे 181, सांगतं. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम 23 मध्ये आहे. मग सही कशावर होते? अटकेच्या मेमोवर (अटकेच्या नोंदीवर), ती कायद्यानेच लागते. आणि मेमोरँडम पंचनाम्यावर, म्हणजे आरोपीने जे सांगितलं ते पंचांसमोर लिहून घेतलेल्या कागदावर. कुठल्याही फौजदारी कोर्टातली फाइल उघडा, त्यात हे वाक्य जवळपास छापल्यासारखं सापडेल: ‘मी वस्तू लपवलेली जागा दाखवतो, माझ्यासोबत चला.’ कबुली बाद होते, पण त्या सांगण्यावरून खरोखर वस्तू सापडली तर वाक्याचा तेवढाच तुकडा पुराव्यात येतो. 1946 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातल्या सर्वात वरच्या कोर्टाने) घालून दिलेली ही मर्यादा आजही चालते. म्हणून सही करायचीच असेल तर पंचनामा आधी शेवटपर्यंत वाचा.

गंमत अशी की ठाण्यात बोललेलं बाद होतं, पण त्याच रात्री मित्राला पाठवलेला ‘चुकलंच माझं’ हा मेसेज पुरावा म्हणून कोर्टात येऊ शकतो.

‘खरं सांगा’ ऐकायला छान वाटतं. भांडणात समोरच्याने कोयता उगारला म्हणून तुम्ही त्याला ढकललं आणि तो पडला. घाबरलेला माणूस ‘हो, मी ढकललं’ एवढंच सांगतो. कोयता राहूनच जातो. भारतीय न्याय संहितेत (गुन्हे आणि शिक्षांच्या कायद्यात) खाजगी बचावाचा, म्हणजे स्वतःला वाचवण्याचा, हक्क कलम 34 ते 44 मध्ये आहे, पण आपलं प्रकरण त्या अपवादात बसतं हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर असते. कोयता आठ महिन्यांनी पहिल्यांदा साक्षीत उगवला तर सरकारी वकील विचारणारच की इतके दिवस होता कुठे. ‘मी तिथे नव्हतोच’ या बचावाचंही तसंच. दुकानाच्या सीसीटीव्हीतलं रेकॉर्डिंग काही दिवसांत पुसलं जातं. ते जपून ठेवायला पहिल्याच दिवशी कुणीतरी अर्ज करावा लागतो.

गप्प बसणं म्हणजे कबुली, हे सरळ चुकीचं आहे. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही (अनुच्छेद 20(3)), आणि ते संरक्षण पोलीस चौकशीलाही लागू आहे हे 1978 मध्ये नंदिनी सत्पथी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. नाव-पत्ता मात्र द्यावा लागतो. बोटांचे ठसे आणि हस्ताक्षराचे नमुने या संरक्षणात येत नाहीत.

आणि गप्प बसणं म्हणजे न जाणं नव्हे. एक तरुण माझ्याकडे आला तेव्हा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची नोटीस (अटक न करता पोलिसांनी हजर राहायला पाठवलेली) त्याच्या शर्टाच्या खिशात चार घड्या घालून पडली होती. तारीख उलटून गेलेली. ‘मी काही केलंच नाही, मग जाऊ कशाला?’ त्या नोटिशीप्रमाणे वागलं तर सहसा अटक टळते, न वागणं हेच अटकेचं कारण ठरू शकतं. त्याच्यासाठी मग अटकपूर्व जामिनाची धावपळ करावी लागली.

अजामीनपात्र हा शब्दच फसवा आहे. जामीन हक्क म्हणून मिळत नाही, कोर्टाच्या अधिकारात असतो, एवढाच त्याचा अर्थ. रोज मिळतात असे जामीन. आरोपी कोठडीत असताना 60 दिवसांत, गंभीर गुन्ह्यात 90 दिवसांत, आरोपपत्र आलं नाही तर तो हक्कच होतो.

तक्रार मागे घेण्याबद्दल: एफआयआर नोंदवली की खटला सरकार चालवतं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 मधल्या गुन्ह्यांतच तडजोड चालते, त्यातल्या काहींत कोर्टाची परवानगी घेऊन. खून-बलात्कारात नाही.

राहिलं ‘482’. ते जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी नवी नागरिक सुरक्षा संहिता आहे. तिच्यात एफआयआर रद्द करण्याचा अर्ज कलम 528 खाली जातो, आणि 482 हे अटकपूर्व जामिनाचं कलम आहे.