दोन स्टार देऊन गेलेल्या पाहुण्यांना आंजर्ल्याहून उत्तर

नमस्कार सर,

दापोलीजवळच्या आंजर्ल्यातल्या आमच्या होमस्टेबद्दलचा तुमचा रिव्ह्यू मुलाने काल वाचून दाखवला. 'आजूबाजूला बघण्यासारखं काही नाही, खायला त्याहून नाही, मालकांनी दिलेली यादी निरुपयोगी, पहिल्या रात्री जेवायलाही मिळालं नाही.' घरच्यांना घेऊन एवढ्या लांब आलात आणि नाराज होऊन गेलात, त्याबद्दल माफी मागते. यादीची चूक आमचीच आहे. तो कागद दिवाळी-नाताळच्या पाहुण्यांसाठी केलेला. सुवर्णदुर्ग या समुद्रातल्या किल्ल्याची बोट, हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव, कर्द्याचे डॉल्फिन, वेळासची कासवं सगळं एकाखाली एक, आणि कुठल्या महिन्यात काय ते नाही. तुम्हाला तो तसाच हातात द्यायला नको होता.

पण सर, तुम्ही आलात जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, यांत्रिक होड्या सगळ्या वर ओढून ठेवलेल्या. एरवी हर्णैच्या किनाऱ्यावर सकाळ-संध्याकाळ लिलाव चालतो, होड्यांवरची मासळी बैलगाड्यांतून वाळूवर येते. 'युनेस्कोवाला किल्ला आणि साधी बोट नाही?' असं तुम्ही लिहिलंय. 2025 मध्ये सुवर्णदुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला खरा, पण पावसाळ्यात त्या पाण्यात होडी कोण घालणार? हर्णैच्या किनाऱ्यावरच्या कनकदुर्गावर दीपगृहापाशी उभं राहिलं की किल्ला अगदी समोर दिसतो, तेवढं तरी बघून या म्हटलं होतं. तुम्ही गाडीतून उतरला नाहीत. पाऊस होता, मान्य. कड्यावरच्या गणपतीला मात्र जाऊन आलात, उजव्या सोंडेची मूर्ती, वरून समुद्र, वहिनींनी येऊन कौतुकही केलं. रिव्ह्यूत त्याचं नाव नाही. आसूदचं केशवराज मंदिर राहिलं कारण निघालात साडेअकराला, आणि सुपारीच्या बागांतून ओढा ओलांडून चढायचं तर पावसात सकाळीच निघावं लागतं.

हे सगळं एक वेळ सोडून देते. 'जेवायलाही मिळालं नाही' हे मात्र मनाला लागलं.

रात्रीच्या जेवणाचं संध्याकाळी 6 पर्यंत सांगा, असा मेसेज तुम्हाला सकाळीच गेला होता. निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही. 5 वाजता मी फोन केला तेव्हा तुम्ही ताम्हिणीत धबधब्यापाशी होतात, 'बघू, वाटेत काहीतरी खाऊ' म्हणालात. त्यानंतर फोन लागेना. अंगणात गाडी लागली तेव्हा 9 वाजून 50 मिनिटं झाली होती, लाईट गेलेली, आणि जवळच्या दोन्ही खानावळी जूनमध्ये बंदच असतात. चूल विझवून झाली होती. तरी गॅसवर भात टाकला, पिठलं केलं, चार पापड भाजले, सासूबाईंनी बरणीतलं लोणचं काढून दिलं. टॉर्च धरायला आमचे मिस्टर उभे होते. तुमच्या धाकट्याने पिठलं दोनदा मागून घेतलं आणि भात संपला म्हणून मी परत लावला. मोठ्यांचे शंभर-शंभर घेतले, मुलांचे घेतले नाहीत. तुम्हाला सुरमई हवी होती, ती नव्हती. पण सुरमई न मिळणं आणि जेवायला न मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना?

दुसऱ्या दिवशीही विचारलं होतं, टाकळ्याची भाजी करू का, सुकटाची चटणी करू का, खाडीतल्या कुर्ल्या मिळाल्या तर कालवण करते. ह्या दिवसांत आम्ही घरी हेच खातो. तुम्ही 'सुकं नको, वास येतो' म्हणालात आणि दापोलीला पनीर खायला गेलात. जेवायचं कुठे ते तुम्ही ठरवायचं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. फक्त 'जेवणासाठी दापोली गाठावी लागली' हे वाचून पुढचा माणूस काय समजेल? आमच्या चार खोल्या. पावसाळ्यात महिन्यातून सहा-सात बुकिंगं आली तरी बरं म्हणायचं. काल एकाने फोन करून विचारलंच, 'तिथे जेवण मिळतं ना?'

यादी नव्याने करायला घेतली आहे, महिन्यांसकट, मुलाला सुट्टी मिळाली की टाईप करेल. इन्व्हर्टरचंही बघतोय. नारळी पौर्णिमेनंतर होड्या नीट सुरू झाल्या की पुन्हा या, सुरमई मी स्वतः हर्णैवरून आणेन, फक्त 6 च्या आत कळवा.

दोन स्टार राहू द्या. जमलं तर जेवायला मिळालं नाही, हे एक वाक्य तेवढं काढा.