महायुद्ध ‘गोऱ्यांचं भांडण’ होतं, तर नाशिकरोडच्या नोटा कुणासाठी छापल्या गेल्या?

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरतोय. थोडक्यात असा: दुसरं महायुद्ध हे गोऱ्यांचं आपसातलं भांडण, नववी-दहावीच्या मुलांनी त्याच्या सनावळ्या कशाला घोकायच्या, आणि हिटलर तर इंग्रजांचा शत्रू, म्हणजे आपला मित्रच. मी नाशिकरोडला याच वयाच्या मुलांना इतिहास शिकवते. मला हे अजिबात पटत नाही.

भांडण त्यांचं असेलही, पण त्यात आपल्याला न विचारता ओढलं गेलं. 3 सप्टेंबर 1939 ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय नेत्यांशी सल्लामसलत न करताच भारत युद्धात असल्याचं जाहीर करून टाकलं. पुढे सुमारे 25 लाख भारतीय सैन्यात गेले, 87 हजारांच्या आसपास मेले. इटलीत सेनियो नदीवर 9 एप्रिल 1945 ला जखमी साथीदारांना पाण्यातून वाहून नेणारे आणि मग शत्रूच्या मशीनगन बंद पाडणारे नामदेव जाधव आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या निमजचे. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सेनियो म्हटल्यावर वर्ग थंड असतो, निमज म्हटलं की माना वर होतात.

आणि रणांगण तरी कशाला? आपल्या प्रेसचंच, म्हणजे नाशिकरोडच्या सरकारी छापखान्याचंच बघा. इथे 1928 पासून नोटा छापल्या जातात. युद्धकाळात इंग्रज सरकार भारतातून कापड, धान्य, लष्करी सामान उचलायचं आणि त्याच्या किमतीचा मोठा हिस्सा लंडनमध्ये पौंडांत नुसता खात्यावर मांडून ठेवायचं. इथल्या गिरणीला, व्यापाऱ्याला, शिपायाला मात्र रुपयेच द्यायला हवेत. म्हणून त्या पौंडांच्या आधारावर रिझर्व्ह बँक नोटा काढत गेली. सहा वर्षांत चलनातल्या नोटा सहापटीच्या वर गेल्या. माल काही तेवढा वाढला नाही, भाव भडकले. त्यात जपाननं ब्रह्मदेश घेतल्यावर तिथून येणारा तांदूळ बंद झाला, बंगालच्या किनारपट्टीवरच्या नावा सरकारनं काढून घेतल्या, आणि 1943 च्या दुष्काळात तिथे सुमारे 30 लाख माणसं गेली. युद्ध संपलं तेव्हा इंग्लंड आपलं जवळपास 130 कोटी पौंड देणं लागत होतं.

हे फळ्यावर मांडलं तेव्हा एका मुलानं विचारलं, “मॅडम, माझे पणजोबा तेव्हा प्रेसमध्ये होते. मग त्या नोटा त्यांनी छापल्या?” तो सगळा तास त्या एका प्रश्नावर गेला. आमच्या वर्गातल्या निम्म्या घरांत प्रेसची नोकरी आहे, आणि हे युद्ध त्यांच्यापासून लांब कसं म्हणायचं?

आता हिटलर. शत्रूचा शत्रू तो मित्र, हा हिशेब त्याच्या बाबतीत साफ चुकतो. भारत दुसऱ्या कुणापेक्षा इंग्रजांच्याच ताब्यात राहिलेला आपल्याला आवडेल, असं त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. नोव्हेंबर 1937 मध्ये लॉर्ड हॅलिफॅक्स त्याला भेटले, तेव्हा भारतासाठी त्याचा सल्ला होता की गांधींना गोळ्या घाला. हॅलिफॅक्स स्वतः भारताचे व्हाइसरॉय राहिलेले. ऐकून तेही अवाक झाले. सुमारे 60 लाख ज्यू मारणाऱ्या या माणसाला पंधराव्या वर्षी ‘कडक नेता’ समजणारी मुलं माझ्या वर्गात दरवर्षी असतात. ते त्यांना मोबाईलनं शिकवलंय. मी तो धडा गाळला, तर मोबाईलचंच खरं ठरेल.

सनावळ्यांबद्दल मात्र तो मजकूर बरोबर बोलतो. ‘जोड्या लावा’ करून महायुद्ध कळत नाही, आणि आम्ही शिक्षकांनी वर्षानुवर्षं तेच केलं. पण त्यासाठी धडा काढायचा नसतो, प्रश्न बदलायचा असतो. यंदा चाचणीत मी एकच प्रश्न दिला, पाच गुणांचा: 1943 मध्ये लोकांच्या हातात नोटा आधीपेक्षा जास्त होत्या, तरी बंगालात तांदूळ का मिळेना?