टॉलरन्स किती आहे साहेब?

कारखान्यात क्वालिटीत, म्हणजे माल तपासायच्या खात्यात, सात वर्षं मशीनच्या बाजूला उभं राहून काढली आणि दिवाळीनंतर मला मॅनेजर केलं. केबिन मिळाली, चहा जाग्यावर यायला लागला, आणि चौथ्याच दिवशी एचआरवाल्यांनी आठ बायोडाटा आणून ठेवले, म्हणले सर लाइन इन्स्पेक्टरचे इंटरव्ह्यू आज तुम्हीच घ्या. मला वाटलं यात काय अवघडंय, आपण दहा ठिकाणी देऊन आलोय की. पण देणं वेगळं न् घेणं वेगळं, अन् घ्यायचं कसं हे वाळूज एमआयडीसीत तरी मला कुणी शिकवलं नाही.

मग माझ्यासोबत जे झालं तेच मी केलं. टेल मी अबाउट युवरसेल्फ. आता परतूर, माजलगावकडून पहाटेची एसटी धरून आलेलं आयटीआयचं पोरगं पाठ केलेल्या चार ओळी इंग्रजीत म्हणतं, पाचवीला अडकतं, कपाळावर घाम, आणि आपण कागदावर लिहितो 'कॉन्फिडन्स कमी'. अरे त्याला काय जर्मनीच्या कस्टमरपुढं भाषण द्यायचंय का, शाफ्ट, म्हणजे गोल दांडा, मोजायचाय त्याला.

आणि दुसरा प्रश्न, गाव कोणतं? मला वाटायचं आपण पोराला मोकळं करायलोय. खरं तर गावावरून आडनाव, आडनावावरून पाव्हणेरावळे, आणि तिथून पुढं आपलं डोकं कुठं जातं हे आपल्याकडं कुणाला सांगायची गरज नाही. मामाच्या गावाकडचा एक निघाला तर मी त्याच्याशी वीस मिनिटं पाण्याच्या टँकरवर बोललो, बाकीच्यांना दहा-दहा मिनिटं. त्याचे मार्क आपोआप वाढले, मला कळलं बी नाही.

पण खरी फजिती पुढची. टेबलावर एक शाफ्ट, ड्रॉइंग आणि व्हर्नियर (सरकत्या पट्टीचं मापयंत्र) ठेवलेला, प्रत्येकाला म्हणायचो माप सांग. सगळ्यांनी पटापट सांगितलं, १९.९८, कुणी २०. मी खूश. एकानं मात्र व्हर्नियर हातात घेतला, ड्रॉइंग बघितलं आणि परत खाली ठेवला. म्हणला, "टॉलरन्स किती आहे साहेब? छोटा एच सात दिसायलंय. मायक्रोमीटर नाही का?" (टॉलरन्स म्हणजे मापात चालणारी सूट, एच सात ही तिची ड्रॉइंगवरची खूण, अन् मायक्रोमीटर व्हर्नियरपेक्षा बारीक मोजतो.) मी म्हणलं सांगितलं तेवढं कर. त्यानं केलं, पण तोंड वाकडं करून. मी लिहिलं, 'उलट बोलतो'. बाद.

संध्याकाळी चहाला स्टँडर्ड रूममधल्या (मापाची साधनं तपासतात ती खोली) मामांना मी हे रंगवून सांगायलो, तर मामा कप खाली ठेवून हसायलेच. २० एमएमला छोटा एच सात म्हणजे २०.००० ते १९.९७९, अख्खी सूट २१ मायक्रॉनची, आणि माझ्या व्हर्नियरचा लीस्ट काउंटच, म्हणजे त्यावर दिसणारं सगळ्यात बारीक माप, ०.०२ एमएम, २० मायक्रॉन. म्हणजे त्या व्हर्नियरनं पीस ओके का रिजेक्ट हे ठरवताच येत नाही. आठ जणांत एकालाच ते कळलं होतं, न् मी, सात वर्षांचा क्वालिटीवाला, त्यालाच घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी फोन केला तर पोरगं शेंद्र्याच्या एमआयडीसीत जॉइन झालेलं. "असू द्या साहेब" म्हणला, ते जास्त लागलं.

एचआरच्या मॅडमला सांगितलं तर त्या म्हणल्या, श्मिट आणि हंटर म्हणून दोघांनी १९९८ साली पंच्याऐंशी वर्षांचा अभ्यास एकत्र करून हेच दाखवलंय, नुसत्या गप्पांच्या इंटरव्ह्यूपेक्षा काम करून घेतलेलं आणि सगळ्यांना ठरवून विचारलेलं जास्त खरं निघतं. मला मामांच्या हसण्यानं पटलं होतं, पण ठीक आहे.

आता प्रश्न मराठीत, सगळ्यांना सारखे, आधी कागदावर लिहिलेले. गाव विचारतो, पण मार्क लिहून झाल्यावर, बसस्टँडवर सोडायला कुणी आहे का हे बघायला. पोरींना लग्नाचं विचारायचं बंद. (पोरांना कामून कधी विचारलं नाही, याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.) आणि टेबलावर व्हर्नियर, मायक्रोमीटर दोन्ही ठेवतो अन् गप बसतो. गप बसणं लई अवघड आहे राव, मॅनेजर झाल्यापासून तर जास्तच.

मागच्या आठवड्यात गंगापूरची एक पोरगी आली, डिप्लोमावाली, आवाज इतका बारीक की दोनदा विचारावं लागलं. मायक्रोमीटर उचलला, ओढणीच्या टोकानं त्याची मोजायची तोंडं पुसली, बंद करून (तेव्हा शून्य दाखवायला पाहिजे) उजेडाकडं धरला आणि म्हणली, "सर, याचाच झिरो एक घर पुढं आहे." पीस तिनं मोजलाच नाही अजून. मायक्रोमीटर कॅलिब्रेशनला पाठवलाय, आणि ती सोमवारपासून येतीय.